खुर्चीच्या डावीकडची जागा

माझी ताई केस कापते. एवढंच सांगितलं तर तिला राग येईल, कारण तिच्या मते ती केस कापत नाही, डोकं हलकं करते. पण तिला राग यायला इतकं मोठं कारण लागतच नाही. कंगवा जागेवर नसला तरी पुरतो.

आमचं सलून लहान आहे. दोन खुर्च्या, एक भिंतभर आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन. धुण्याचं काम माझं, कापायचं ताईचं. बोलायचं काम खरं तर दोघींचं, पण मला संधी मिळत नाही. ताईच्या तोंडाचा पट्टा कात्रीच्या तालावर चालतो, आणि गिऱ्हाइकाला बाहेर पडेपर्यंत कळत नाही की आपण हिला घरचं सगळं सांगून बसलो आहोत.

आरशासमोरच्या भिंतीवर फोटो आहेत. केस कापून झाले की गिऱ्हाइकाला विचारून ताई फोटो काढते आणि आवडलेला तिथे लावते. हल्ली सगळीकडे 'आधी' आणि 'नंतर' असे जोडीने फोटो लावतात. आमच्याकडे फक्त 'नंतर'चे. मी एकदा म्हटलं होतं, "ताई, आधीचा पण लाव ना, फरक दिसेल." तर ती माझ्यावर उखडली. "माणूस लाजत येतो इथे. केसांची वाट लागलेली असते, टोपी घालून, डोकं झाकून येतो. त्या अवस्थेतला त्याचा फोटो मी भिंतीवर टांगू? इथून निघताना दिसतो तोच माणूस खरा." मी कानाला खडा लावला. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ ह्या एका तत्त्वापायी झाला.

दुकानात इतकी बोलणारी ताई घरी मात्र गप्प असायची. आधी तसं नव्हतं. भावजी होते तेव्हा ती घरी येऊन दिवसभराची सगळी गिऱ्हाइकं त्यांना पुन्हा ऐकवायची, नकलांसकट. ते भाजी निवडत ऐकायचे आणि नेमक्या ठिकाणी "मग?" म्हणायचे. ते गेले आणि ताई माझ्याकडे आणि आईकडे राहायला आली. आम्हीही "मग?" म्हणून पाहिलं, पण ते जमलं नाही. ती यायची, हातपाय धुवायची, जेवायची आणि टीव्हीसमोर बसायची. टीव्ही बंद असला तरी बसायची. आईचा जीव तुटायचा, पण काय करणार.

तर सुट्टीचा दिवस होता. दुकान बंद ठेवून आम्ही आतून झाडझूड करत होतो. मी कचरा टाकायला मागच्या बोळात गेले. कुणीतरी जुनं पायपुसणं टाकलं होतं, ते उचलायला वाकले आणि पायपुसणं उठून बसलं.

मी किंचाळले. ताई झाडू घेऊन धावत आली. बघते तर कुत्रा. म्हणजे कुत्रा असावा, कारण पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं हे शेपटी हलल्यावर कळलं. अंगभर केसांच्या गाठी, त्यांत पानं, काड्या, एक तुटकं बटण. डोळे दिसत नव्हते. चालायला लागला तर मागचा पाय केसांत अडकून ओढला जात होता.

ताईने झाडू भिंतीला टेकवला. खाली उकिडवी बसली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून, रोज गिऱ्हाइकाला विचारते त्याच आवाजात विचारलं, "किती दिवसांनी आलात?"

झालं. सुट्टी संपली.

त्याला आत घेतलं, पाणी पाजलं, जुन्या चादरीवर उभं केलं. मी मशीन लावायला गेले तर ताईने माझा हात झटकला. गाठ कातडीला चिकटली की मशीन चालत नाही, ते अडकतं आणि खालची कातडी वर ओढली जाते. मधे कंगवा घालायचा, कंगव्याच्या वरून कात्री चालवायची, आणि कंगवाही जाईना झाला की आपली बोटं घालायची. कापलं गेलं तर बोट कापलं जाईल, कातडी नाही. ताई तसं करत होती आणि सारखी बोलत होती. मी पाणी बदलत होते, केसांचे ढीग गोळा करत होते आणि मधेमधे त्याचं तोंड धरत होते. त्याने एकदाही दात दाखवले नाहीत. उलट एक बाजू झाली की न सांगता दुसरी बाजू पुढे करायचा. मला ते तेव्हा फक्त शहाणपणाचं वाटलं.

एकेक गाठ सुटत होती आणि आतून कुत्रा निघत होता. आधी एक कान. मग एक तपकिरी डोळा. तो डोळा दिसला तेव्हा आम्ही दोघी वेड्यासारख्या हसलो. संध्याकाळ होत आली तेव्हा चादरीवर एक बारीक, उघडाबोडका, ओलसर प्राणी उभा होता आणि त्याच्या बाजूला त्याच्याहून मोठा केसांचा ढीग होता. ताईने मोबाईल काढून फोटो घेतला. अर्थातच 'नंतर'चा.

आणि मग मान पुसताना तिचा हात थांबला. गळ्याभोवती एक पट्टी होती, जिथे केस झिजून विरळ झाले होते. पट्टा नव्हता, पट्ट्याची जागा होती.

"हा कुणाचा तरी आहे," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला.

घरी आईने दारातच हात आडवा धरला. "कुत्रा घरात येणार असेल तर मी बाहेर जाते." कुत्रा घरात आला. आई बाहेर गेली ती त्याच्यासाठी दूध आणायला. नाव ठेवायला वेळ लागला नाही, गुंत्या. त्या दिवशीच्या अवतारावर दुसरं नाव शोभलंच नसतं.

रात्रीचं जेवण झालं. मी आणि आई स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला. ताईचा. "मग ती बाई म्हणते कशी, मला नवऱ्याला आवडेल असं नको, सासूला आवडणार नाही असं कापा." पुढे सासूची नक्कल. पुढे सुनेची. मी वाकून पाहिलं. गुंत्या सतरंजीवर बसून कान वर करून ऐकत होता, आणि ताई थांबली की मान तिरकी करायचा. म्हणजे "मग?"

आईने ओला हात माझ्या तोंडावर ठेवला. आम्ही दोघी नळ बंद करून तशाच उभ्या राहिलो. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मी तेव्हाच मनात ठरवून टाकलं, हा कुत्रा ह्या घरातून जाता कामा नये. मालक गेला खड्ड्यात.

पण जनावरांच्या डॉक्टरांनी घोळ घातला. त्यांनी गुंत्याला तपासलं, कातडीला मलम दिलं, बरं वाटेपर्यंत धुळीत नेऊ नका म्हणाल्या, आणि जाताजाता विचारलं, "मालकाची चौकशी केली का?"

ताई भडकली. "कशाला? त्याचा सत्कार करायला? तुम्ही ह्याला आधी पाहायला हवं होतं."

"मालकाने असं केलं की हरवल्यावर असं झालं, हे आपल्याला कसं कळणार?" डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "लांब केसांचं कुत्रं बाहेर राहिलं की काही महिन्यांत हेच होतं. घरी कुणी वाट बघत असेल त्याची."

परत येताना मीच बोलत होते. म्हटलं, डॉक्टरांना काय जातं बोलायला. म्हटलं, ज्याला काळजी असेल तो स्वतः शोधत येईल, आपण का दारोदार फिरायचं. म्हटलं, गुंत्याला विचार, त्याला कुठे राहायचंय. ताई चालत राहिली. मग जिन्यात थांबून म्हणाली, "वाट बघणं काय असतं ते मला माहीत आहे. माझ्यासमोर नको बोलूस."

त्या संध्याकाळी तिने कागद लिहिला. 'कुत्रा सापडला आहे. खूण पटवून घेऊन जावे.' खाली दुकानाचा पत्ता आणि वर फोटो. आईने चष्मा लावून फोटो पाहिला. "अगं, ह्या फोटोवरून ह्याची सख्खी आईसुद्धा ओळखणार नाही. केस होते तेव्हाचा लाव की."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. केस होते तेव्हाचा फोटो नव्हताच. आम्ही तो काढत नाही. केसांचा ढीगही कचऱ्यात गेला होता. म्हणजे मालकाने ओळखावं असं जे काही होतं ते सगळं ताईने स्वतःच्या हाताने, अतिशय निगुतीने, कापून टाकलं होतं.

"ओळखायचा असेल तर ओळखेल," ताई म्हणाली आणि कागदाला चिकटपट्टी लावली. मला हसू आवरेना. ते सवयीने झालं की मनाच्या एका कोपऱ्याने मुद्दाम केलं, मी सांगू शकत नाही. ताईलाही सांगता येणार नाही.

दुकानाच्या काचेवर कागद लागला. लोक थांबायचे, वाचायचे, जायचे. एक बाई खूप आशेने आत आल्या. त्यांचा पोपट हरवला होता.

आणि मग ते काका आले. मी बाहेरून काच पुसत होते. उंच, पाठीत जरा वाकलेले, मिशी पांढरी पण रेखीव, उजवा हात खिशात. ते कागदासमोर उभे राहिले ते राहिलेच. मी हातातला फडका थांबवला. मला वाटलं, आला मालक.

"ओळखीचा आहे का?" मी विचारलं.

ते डाव्या हाताचं बोट काचेवर टेकवून म्हणाले, "कानामागचं काम कात्रीने केलंय. मशीन लावलं असतं तर कातडी फाटली असती. कुणी केलं?"

"माझ्या ताईने," मी अभिमानाने म्हटलं. "गाठी अगदी कातडीपर्यंत गेल्या होत्या. पाय उचलता येत नव्हता बिचाऱ्याला."

दार उघडंच होतं. आत ताई एकीचे केस कापत होती. तिचे कान तिखट. तिने आरशातूनच आवाज दिला, "त्यांना सांग, मालक ओळखीचा असेल तर निरोप द्या म्हणावं. मुक्या जनावराची अशी दशा करणारा माणूस मला एकदा बघायचाय. आला तर कुत्रा नंतर, आधी त्याचीच बिनपाण्याने करते."

खुर्चीतली बाई हसली. मीही हसले. काका हसले नाहीत.

"आता बरा आहे का तो?" त्यांनी विचारलं.

"मजेत आहे. आईने लाडावून ठेवलाय."

"छान," ते म्हणाले. कागदाचा एक कोपरा सुटला होता, तो त्यांनी अंगठ्याने दाबून नीट चिकटवला आणि गेले. मी हुश्श केलं. एक जाणकार माणूस ताईच्या कामाची तारीफ करून गेला, एवढंच मी तिला सांगितलं आणि ती दिवसभर खूश होती.

कातडी बरी झाली आणि गुंत्या दुकानात यायला लागला. आणि इथून खरी गंमत सुरू झाली.

पहिल्याच दिवशी तो आत शिरला, इकडेतिकडे न हुंगता सरळ ताईच्या खुर्चीकडे गेला आणि खुर्चीच्या डावीकडे, जरा मागे, अंग चोरून बसला. ताई कापत कापत डावीकडे सरकली. मला वाटलं, आता पाय पडणार. तर गुंत्या तिच्याकडे न बघता उठला आणि उजवीकडे जाऊन बसला. ती उजवीकडे आली, हा डावीकडे. दिवसभर असंच. एकदाही पायात आला नाही. मला अजून तिच्या वाटेत न येणं जमत नाही.

दुसरं म्हणजे कापड. केस कापून झाले की ताई गिऱ्हाइकाची मान ब्रशने झाडते आणि मग अंगावरचं कापड काढून झटकते. केस उडतात. तर ब्रश मानेवर फिरला की गुंत्या उठून दाराबाहेर जायचा. कापड झटकून झालं की परत आपल्या जागेवर. मी तीन-चार गिऱ्हाइकं हे पाहिलं.

"ताई," मी म्हटलं, "जरा ब्रश नुसता हातावर फिरव."

दुकानात तेव्हा कुणी नव्हतं. तिने ब्रश हातावर फिरवला. गुंत्या उठला आणि बाहेर गेला.

मग ताई खुर्चीत बसली. ती स्वतः त्या खुर्चीत कधीच बसत नाही.

"हा सलूनमध्ये वाढलाय," ती म्हणाली. "ह्याचा मालक केस कापणारा आहे."

मला आनंदाने टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या आणि त्याच क्षणी जीभ चावावीशी वाटली. कारण आता शोधणं अगदी सोपं होतं. गावभर कागद लावायची गरज नव्हती. एका माणसाला विचारलं की काम झालं असतं. तो माणूस म्हणजे सुगंधी. तेलं, शाम्पू, ब्लेड, पावडर असलं सगळं घेऊन तो सगळ्या सलूनमध्ये फिरतो, त्याच्या अंगाला सतरा वास येतात म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. महिन्याकाठी आमच्याकडे येतो. ह्या वेळची फेरी व्हायची होती.

ते मधले दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. घरी ताई गुंत्याला गोष्टी सांगायची आणि मधेच थांबून त्याच्याकडे बघत बसायची. मी म्हटलं, "विचारलंच पाहिजे असं थोडंच आहे?" ती म्हणाली, "नाही." आई म्हणाली, "कागद लावलाय की आपण. आपलं कर्तव्य झालं." ताई म्हणाली, "हो." एवढ्या लवकर ती कधीच कशाला हो म्हणत नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

सुगंधी आला तेव्हा गुंत्या नेमका मागच्या बोळात होता. मी मनातल्या मनात म्हटलं, तिथेच राहा राजा. सुगंधीने बॅगा उघडल्या, नव्या तेलाचं कौतुक केलं, ताईने बाटल्या घेतल्या. बॅगा बंद झाल्या. तो दारापर्यंत गेला. ताई कात्री पुसत होती, पुसलेलीच परत पुसत होती.

"अहो, जरा थांबा," ती म्हणाली.

मी बेसिनचा नळ सोडला, नुसताच.

"तुम्ही एवढी दुकानं फिरता. कुठे कुत्रा बघितला होता का? खुर्चीच्या डावीकडे बसणारा?"

"आणि कापड झटकायच्या आधी उठून जाणारा?" सुगंधी वळला. त्याचा चेहरा उजळला होता. "साहेब! मास्तरांचा साहेब तो. तुम्हाला कसा माहीत?"

तेवढ्यात गुंत्या मागच्या दारातून आत आला. सुगंधीने "साहेब" म्हटलं आणि त्याची शेपटी अशी हलायला लागली की अख्खं अंगच हलत होतं. सुगंधी मात्र त्याला ओळखेना. "हा? छे. साहेबाला एवढे केस होते, मास्तर रविवारी त्याला खुर्चीवर बसवून कापायचे. गिऱ्हाईक थांबवून ठेवायचे. म्हणून तर साहेब." मग त्याने खाली वाकून नीट पाहिलं आणि हातातल्या बॅगा खाली ठेवून त्याचं डोकं कुरवाळलं.

मास्तरांनी दुकान बंद केलं होतं. का, ते सुगंधीला माहीत नव्हतं. आता लेकीकडे राहतात, सायकलच्या दुकानाच्या वर.

"दिसतात कसे?" मी विचारलं.

"उंच. पांढरी मिशी. हल्ली हात कायम खिशात."

मी ताईचा हात धरला. "ताई, ते येऊन गेले. ते कानामागचं काम बघणारे." मग मलाच हसू फुटलं. "आणि ओळखलं नाही त्यांनी. तुझ्या 'नंतर'च्या फोटोने घात केला."

ताई हसली नाही. तिने दारावर 'बंद'ची पाटी फिरवली, भर दुपारी, आणि गुंत्याच्या गळ्यात दोरी घातली.

रस्त्यात ती इतकी भराभर चालत होती की मला धावावं लागत होतं. सायकलच्या दुकानाजवळ आलो आणि दोरी धरायची गरज उरली नाही. गुंत्यानेच आम्हाला ओढलं. जिना, वळण, दुसरा जिना, मी कठड्याला आपटले, ताईची चप्पल खालीच राहिली. वरचं दार अर्धवट उघडं होतं. गुंत्याने ते डोक्याने ढकललं.

मास्तर खिडकीजवळ खुर्चीत बसले होते. गुंत्या उड्या मारेल, चाटेल, असं मला वाटलं होतं. तो सरळ गेला आणि त्यांच्या खुर्चीच्या डावीकडे, जरा मागे, अंग चोरून बसला. मग मोठा निःश्वास सोडला, दिवसभराचं काम आटोपल्यासारखा.

मास्तरांचा उजवा हात खिशाबाहेर होता. तो थरथरत होता, मांडीवरसुद्धा थांबत नव्हता. त्यांनी डावा हात खाली नेला आणि कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला.

"काका," ताई धापा टाकत म्हणाली, "चूक माझीच. मी सगळे केस कापले आणि मगच फोटो काढला. तुम्ही ओळखणार कसे?"

"ओळखला होता," मास्तर म्हणाले. "जन्मभर डोकी हाताखालून गेली माझ्या. केस गेले म्हणून डोक्याची ठेवण बदलते का?"

"मग?" ताईने विचारलं.

"गाठी बाहेर नव्हत्या झाल्या, बाई. माझ्याच घरात झाल्या होत्या. हात असा व्हायला लागला, दुकान बंद करावं लागलं. ह्याचे केस वाढत गेले. लेक म्हणायची, दुसऱ्याकडे नेऊ. मी नेऊ दिलं नाही. माझ्या कुत्र्याला दुसरा हात लावणार, हे सोसेना. उद्या हात बरा होईल, परवा होईल, असं करत राहिलो. साहेब रोज जुन्या दुकानापर्यंत जाऊन यायचा. एक दिवस आलाच नाही, पाय अडकून कुठेतरी पडून राहिला असणार. खूप फिरलो शोधत. मग तुमच्या काचेवर दिसला." ते थांबले. "तुम्ही आतून जे बोललात ते बरोबर होतं. म्हणून निघून आलो."

ताई लाल झाली.

"तुमच्याकडेच राहू दे," मास्तर म्हणाले. "मी मनापासून सांगतो. तुमचा हात चांगला आहे. माझ्याकडे ठेवला तर परत तीच दशा करीन मी त्याची."

मिळाला. चोरून नाही, लपवून नाही, मालकाने स्वतःच्या तोंडाने दिला. मी ताईकडे पाहिलं. घे, मी मनात म्हणत होते, घे आणि चल. ताई गुंत्याकडे बघत होती. गुंत्या तिच्याकडे बघत नव्हता. त्याने हनुवटी मास्तरांच्या पावलावर ठेवली होती आणि डोळे मिटले होते.

ताई उकिडवी बसली. त्याच्या गळ्यातली दोरी सोडली आणि मुठीत गुंडाळली.

"हात चालत नाही ना तुमचा?" ती म्हणाली. "माझा चालतो. कुत्रा तुमचा. केस माझ्याकडे."

मास्तरांनी कुत्र्याचा डावा कान उलटून पाहिला. मग म्हणाले, "डाव्या कानामागे थोडं राहिलंय." आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मीही रडले. ताई मात्र वाकून कानामागे बघत होती. "कुठे राहिलंय? दाखवा."

घरी परतताना मी धास्तावले होते. आता ही पुन्हा बंद टीव्हीसमोर बसणार. पण ताई मुठीत दोरी घेऊन सारखी बोलत होती. पंजांमधले केस मास्तर कसे काढायचे ते शिकायचंय. त्यांना दुकानात बसायला हात असलेली खुर्ची हवी. जिना चढल्यावर तिने दारातूनच हाक मारली, "आई, ऐक काय झालं ते," आणि मास्तरांची नक्कल सुरू केली. आईने आधी गुंत्यासाठी तिच्यामागे पाहिलं. मग पदराने डोळे टिपून ती समोर बसली आणि ताई थांबली तशी म्हणाली, "मग?"

ह्या वेळी ते जमलं.

आता मास्तर दुपारचे येतात. त्यांना हात असलेली खुर्ची दिली आहे. ताईच्या कामात ते चुका काढतात आणि ती त्यांच्याशी भांडते. साहेब कधी त्यांच्या खुर्चीच्या डावीकडे बसतो, कधी ताईच्या. त्याच्या डोळ्यांवर केस आले तेव्हा एका रविवारी आम्ही त्याला चादरीवर उभा केला. ताईने कात्री उचलली आणि खाली ठेवली.

"थांब," ती मला म्हणाली. "आधी फोटो काढ."

मी काढला. भिंतीवरचा तो पहिला 'आधी'चा फोटो आहे. कुत्रा छान स्पष्ट आलाय. त्याच्या डोक्यावर मास्तरांचा उजवा हात आहे, तो मात्र हलल्यामुळे धूसर आलाय. मी म्हटलं, दुसरा काढू का? ताईने फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "नको. हाच लाव."